सोयाबीन पातेल्यात की पोत्यात? मलावीच्या उत्तर भागातल्या एक्वेंडेनीचं प्रकरण

आमच्या लातूरकडच्या घरात सोयाबीनचं पोतं ओसरीवर येतं आणि ओसरीवरूनच मोंढ्यावर जातं. स्वयंपाकघराचा उंबरा ते कधी ओलांडत नाही. तूर आली की आई आधी वर्षाची डाळ बाजूला काढते, ज्वारी कोठीत जाते, हरभऱ्याची निदान एक पायली तरी राहते. सोयाबीनचा दाणा मागे राहत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून दळणात मूठभर टाकून पाहिलं, पोळ्यांना वास येतो म्हणाले, विषय संपला. ‘सोयाबीनमध्ये चाळीस टक्के प्रथिनं’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून पत्रकांत वाचत आलो. ती प्रथिनं पेंडीतून कोंबड्यांच्या पोटात गेली, आमच्या नाही.

म्हणून आफ्रिकेत सोयाबीनमुळे बायकामुलांचं पोषण सुधारल्याची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी जरा संशयानेच वाचली. पीक तेच, मग तिथे ते पातेल्यात कसं गेलं? शोधत गेल्यावर कळलं की ते आपसूक गेलं नव्हतं. त्यासाठी एका मिशन हॉस्पिटलला शेतीत उतरावं लागलं, आणि शेतीत उतरल्यावर लोकांच्या घरातही शिरावं लागलं. ते हॉस्पिटल एक्वेंडेनीचं.

मलावी हा दक्षिण-पूर्व आफ्रिकेतला लांबोडका देश. पूर्वेला मोठं सरोवर, बाकी तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांची जमीन. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटी, त्यातले बहुतेक शेतकरी आणि बहुतेकांची जमीन अडीच एकरांच्या आतबाहेर. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे वर्षाला एकच हंगाम. उत्तरेला म्झुझु शहराजवळ म्झिम्बा जिल्ह्यात एक्वेंडेनी हे बाजाराचं गाव आहे. तिथलं हॉस्पिटल प्रेस्बिटेरियन चर्चच्या लिव्हिंगस्टोनिया सिनडचं, म्हणजे विभागाचं. आसपासची वस्ती तुंबुका आणि न्गोनी लोकांची.

हॉस्पिटलची अडचण साधी होती. कुपोषित मूल दाखल व्हायचं, काही आठवडे पेज खाऊन अंग धरायचं, घरी जायचं आणि पुन्हा त्याच खाटेवर यायचं. परिचारिका आईला सांगायच्या: मुलाला डाळ द्या, शेंगदाणे द्या, अंडं द्या. आई मान डोलवायची. तिच्या घरात काय शिजत होतं? मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, चिचेवा भाषेत न्सिमा आणि तुंबुका भाषेत सिमा. सोबत तोंडीलावणं, म्हणजे डेंडे. बऱ्याच दिवशी डेंडे म्हणजे भोपळ्याच्या पाल्याची भाजी, तीही पाणीदार. जानेवारी ते मार्च हे भुकेचे महिने: मागचा मका संपलेला, नवा कणसात भरत असलेला. त्या दिवसांत लोक ‘गान्यू’ला जातात, म्हणजे ज्याच्याकडे मका आहे त्याच्या शेतात खुरपायला जायचं आणि मजुरी म्हणून मका किंवा पैसे घ्यायचे. गंमत अशी की तेच दिवस स्वतःच्या शेतातल्या खुरपणीचेही. दुसऱ्याचं शेत स्वच्छ होतं, आपलं तणात जातं आणि पुढच्या वर्षीची भूक पेरून ठेवली जाते. हे चक्र कोणत्याही कोरडवाहू गावातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

त्यात १९९० च्या दशकात खतावरचं अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतलं गेलं, क्वाचा हे तिथलं चलन घसरलं आणि खताचं पोतं लहान शेतकऱ्याच्या हाताबाहेर गेलं. वर्षानुवर्षं मक्यावर मका घेतलेली जमीन खताशिवाय काय देणार? १९९८ पासून सरकारने काही हंगाम ‘स्टार्टर पॅक’ वाटले: पाव एकराला पुरेल एवढं मक्याचं बी, थोडं खत आणि थोडं कडधान्याचं बी. हात दिल्यासारखं झालं, पण जमीन त्याने सुधारणार नव्हती. पुढे २००१-०२ च्या हंगामात पीक बुडालं. तोवर सरकारी राखीव मकाही विकून झाला होता. माणसं मेली.

या पार्श्वभूमीवर २००० साली एक्वेंडेनीच्या हॉस्पिटलने एक प्रकल्प सुरू केला. नाव ‘सॉइल्स, फूड अँड हेल्दी कम्युनिटीज’, म्हणजे माती, अन्न आणि निरोगी गावं. त्यामागे हॉस्पिटलमधल्या परिचारिका एस्थर लुपाफ्या आणि कॅनडाच्या संशोधक रेचल बेझनर कर होत्या. मलावीत आधी काम केलेल्या मृदाशास्त्रज्ञ सिग्लिंड स्नॅप यांचा शेतीच्या बाजूने आधार होता. खत घ्यायची ऐपत नसेल तर कडधान्यांनी माती सुधारायची आणि तीच कडधान्यं मुलांच्या पोटात घालायची, असा विचार. कागदावर हे इतकं सरळ दिसतं की वीस वर्षांपूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मीही सही केली असती.

सुरुवात सात गावांतून झाली. गावकऱ्यांनी आपल्यातले तीसेक जण निवडले, बाया आणि पुरुष दोघंही. त्यांना शेतकरी-संशोधक म्हटलं गेलं. प्रयोग त्यांच्याच शेतात. पर्याय समोर ठेवले होते: भुईमुगात तूर, सोयाबीनमध्ये तूर, मक्यात तूर, आणि नुसत्या मातीसाठी दोन झाडं. त्यातलं एक आपली खाजकुइली, शास्त्रीय नाव म्युकुना. दुसरं टेफ्रोसिया, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळीचं, शरपुंख्याचं आफ्रिकी भावंड.

कृषी विद्यापीठाच्या चष्म्यातून पाहिलं तर खाजकुइली जिंकायला हवी होती. ती रान झाकते, तण मारते, भरपूर पाला देते आणि तिच्यामागून घेतलेला मका सरस येतो. पण तिच्या बिया पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकल्याशिवाय खाता येत नाहीत. लोकांनी हिशेब केला: दोन-अडीच एकरांतला तुकडा वर्षभर अडवायचा आणि ताटात काहीच पडायचं नाही? त्यांनी खायची पिकं उचलली. तूर-भुईमूग पहिल्या पसंतीला, सोयाबीन-तूर त्याच्या मागे. कारण सरळ होतं. एका रानातून दोन पिकं खायला मिळतात, आणि तूर हळू वाढत असल्यामुळे सुरुवातीला शेजाऱ्याशी भांडत नाही. सोयाबीनच्या तासात तूर हे आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला नवं नाही. कुणी चार ओळींनंतर दोन घेतो, कुणी सहानंतर दोन. मलावीत याच जोडीला ‘दुहेरी कडधान्य’ म्हणतात आणि पुढे तिथल्या सरकारनेही ही पद्धत अधिकृत शिफारशीत घेतली.

इथे सोयाबीनच्या मातीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ‘सोयाबीनने जमीन सुधारते’ हे अर्धंच खरं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात हे खरं, पण त्यातला बहुतेक नत्र दाण्यात जातो. दाणा पोत्यात गेला की नत्रही पोत्यातच. मातीला मिळतं ते गळलेल्या पाल्यातून आणि मुळांतून, आणि मळणीनंतरचं भुसकट परत रानात गेलं तर त्यातून. तूर याबाबतीत दिलदार. ती महिनोन्महिने पानं गाळत राहते. शिवाय सोयाबीनच्या बऱ्याच वाणांना विशिष्ट जिवाणूखत लागतं, जे एक्वेंडेनीसारख्या गावात मिळणं मुश्कील. त्यामुळे आफ्रिका खंडाच्या या दक्षिणेकडच्या पट्ट्यात झांबियाचं ‘मागोये’ हे वाण लहान शेतकऱ्यांनी धरलं. मातीत असतील त्या जिवाणूंशी ते जुळवून घेतं, पालाही जास्त देतं. उत्पन्नाच्या स्पर्धेत ते मागे पडेल, पण खत-औषधाविना येतं. पुढे आलेलं ‘टिकोलोरे’ हे वाणही याच धर्तीचं.

म्हणजे माती सुधारायची तर भुसकट आणि पाला गाडायला हवा. तो गाडणार कोण?

एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. पाऊस थांबलाय, माती आवळत चाललीय. बैल फार थोड्यांकडे. सगळं काम कुदळीने. बाईने दिवसभर सोयाबीन उपटलं, डोक्यावरून अंगणात आणलं, काठीने झोडपलं, उफणलं. पाठीला चितेंजेच्या फडक्यात बांधलेलं मूल. त्याच दिवसांत मकाही खुडायचा आहे, भुईमूगही उपटायचा आहे. आणि आता प्रकल्प सांगतो: सरीतला पाला गोळा करून मातीत दाबा, वरून नवा वरंबा ओढा, आणि माती ओली आहे तोवरच करा, नाहीतर वाळवी खाईल किंवा कुणीतरी काडी लावेल. रान पेटवून देणं हीच आजवरची रीत, कारण ते सोपं. उंदीर पकडायला पोरं पाला जाळतात, तेही वेगळंच.

मातीची ‘सुधारणा’ हिशेबात फुकट दिसते, कारण तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. ती कुणाच्या तरी कमरेतून वसूल होते. एक्वेंडेनीत हे लवकर ध्यानात आलं, ही त्या प्रकल्पाची मोठी गोष्ट. कडधान्यं हे ‘बायकांचं पीक’ मानलं जात होतं, त्यामुळे त्यांचा पाला गाडणं हेही आपोआप बायकांचंच काम झालं असतं. ते दोघांचं करायचा प्रयत्न झाला, आणि पुरुषांना तो पटला तो भाषणाने नाही, पुढच्या वर्षीच्या मक्याच्या रंगाने. गाडलेल्या तुकड्यातला मका गर्द हिरवा, न गाडलेल्यातला पिवळट. मका पुरुषांच्या काळजाचा विषय आहे. २००० मध्ये पाला गाडणारे शेतकरी १५ टक्के होते, २००५ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. कडधान्याखालचं क्षेत्र दर घरामागे ८६२ चौरस मीटरने वाढलं होतं, म्हणजे आपल्या भाषेत साडेआठ गुंठे. साडेआठ गुंठे ऐकून कुणी हसेल. अडीच एकरात साडेआठ गुंठे म्हणजे काय, हे ज्याने तेवढ्यावर घर चालवलंय त्याला विचारा.

आता घरात जाऊ.

तुंबुकांमध्ये वंश बापाकडून चालतो. लग्नात लोबोला, म्हणजे वधूमूल्य, गुरांच्या किंवा पैशांच्या रूपात मुलीच्या माहेरी जातं आणि मुलगी सासरी येते. जमीन नवऱ्याच्या कुळाची. तिला कसायला तुकडा मिळतो तो कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून. नवऱ्याशी बिनसलं किंवा तो वारला की तिचा त्या मातीवरचा हक्क डळमळीत. नवी सून सुरुवातीला सासूच्या चुलीवर आणि सासूच्या हुकमात. मका साठवायची न्खोक्वे ही बांबूची विणलेली कोठी, अगदी आपल्या कणगीची बहीण. तिच्यातून किती काढायचं याला नियम असतात आणि ते सुनेने केलेले नसतात.

अशा घरात भुईमुगाला पूर्वीपासून एक जागा होती. तो बायकांचा, डेंडेत कुटून घालायचा, थोडा विकून मीठ-साबण आणायचा. सोयाबीनला अशी जागा नव्हती. तो पाहुणा. त्यावर कुणाचा हक्क हे परंपरेने ठरलेलं नव्हतं, म्हणजे ते दरवर्षी दरावर ठरणार. भाव पडलेला असेल तर ‘बायकांचं पीक आहे, शिजवा’. भाव चढला आणि सायकलीवर काटा अडकवलेला व्यापारी गावात फिरू लागला की तेच पोतं घरधन्याचं. बायकांच्या तक्रारी अशाच आल्या: आम्ही पेरलं, आम्ही खुरपलं, आम्ही झोडपलं, आणि एका सकाळी पोतं नाही. पैसे कुठे गेले विचारलं तर घरात खडाखडी. काही ठिकाणी ते पैसे दारूत गेले होते.

या टप्प्यावर बरेच प्रकल्प अहवालात ‘विपणनाच्या संधी वाढल्या’ असं लिहून मोकळे होतात. उत्पन्न वाढलं, विक्री वाढली, चौकटीत टिकमार्क. इथे मात्र वजनकाटा हॉस्पिटलात होता, आणि तो मुलाचं वजन मोजत होता. पोतं विकलं गेलं तर तो काटा हलत नव्हता. मला वाटतं, शेतीचा प्रकल्प कृषी खात्याऐवजी हॉस्पिटलने चालवल्याचा खरा फायदा हाच झाला.

पण पोतं घरात राहिलं तरी काम संपत नाही, हे सोयाबीनच्या बाबतीत विसरून चालत नाही. शेंगदाणा भाजला की तोंडात टाकता येतो. सोयाबीन कच्चं किंवा अर्धकच्चं खाल्लं तर पचत नाही. त्यातली काही द्रव्यं प्रथिनं पचूच देत नाहीत, ती उष्णतेने मारावी लागतात. म्हणजे भिजवा, उकळा, चोळून सालं काढा, वाळवा, भाजा, मग उखळात कुटा किंवा चिगायोवर, म्हणजे गिरणीवर, न्या. प्रत्येक पायरीला सरपण, पाणी किंवा गिरणीचे पैसे. पाणी डोक्यावरून येतं, सरपण त्याहून लांबून. त्यातली एक पायरी चुकवली की तोच वास, ज्यावरून आमच्या घरात विषय संपला होता.

मलावीत यावर एक जुना उतारा आहे. ‘लिकुनी फाला’ नावाची लहान मुलांची पेज, राजधानी लिलाँग्वेजवळच्या लिकुनी या ठिकाणाच्या नावावरून ओळखली जाणारी. मक्याचे चार भाग आणि सोयाबीनचा एक भाग असं पीठ. देशभरच्या दवाखान्यांत ती चालते. एक्वेंडेनीच्या गावांत हीच पेज घरच्या सोयाबीनची करायची होती, आणि ती केवळ आईला शिकवून भागणार नव्हतं. कारण तान्ह्या बाळाच्या तोंडात काय जायचं हे आई ठरवत नव्हतीच. ठरवत होती गोगो, म्हणजे आजी, आणि तीही बापाची आई. झाडपाल्याचं पाणी कधी, पातळ पेज कधी, हे तिच्या अखत्यारीत. दवाखान्याचा निरोप सहा महिने फक्त अंगावरचं दूध. आजीचा अनुभव वेगळा. सून दोघींच्या मधे. आरोग्य-शिक्षणाने वर्षानुवर्षं आजीला अडाणी समजून बाजूला ठेवलं होतं आणि सुनेला तक्ते दाखवले होते, जी घरी जाऊन तोंड उघडू शकत नव्हती. आपल्या अंगणवाड्यांत हेच होतं, हे कबूल करायला हरकत नसावी.

२००५ च्या सुमारास प्रकल्पाने शेती आणि पोषण यांवरचे चर्चागट सुरू केले: आज्या वेगळ्या, तरुण आया वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि मग सगळे एकत्र. विषय नुसता पेजेचा नव्हता. सोयाबीन कुणी विकलं, पैसे कशाला गेले, बाळंतिणीला कुदळ कधी धरायला लावायची, मूल आजारी असताना गान्यूला कोण जाणार, दारू, मारहाण. एखादी गोष्ट नवऱ्यासमोर बोलता येत नसेल तर ती त्याच्या आईच्या वयाच्या बाईच्या तोंडून सगळ्यांसमोर आली की ऐकावीच लागते. आज्यांना बाजूला सारण्याऐवजी त्यांनाच पुढे बसवलं, ही या प्रकरणातली मला सगळ्यात शहाणी वाटलेली चाल. त्यांच्या ज्ञानातलं काही चुकीचं होतं, बरंचसं चांगलं होतं. नाचणी-ज्वारीसारखी मागे पडलेली धान्यं त्यांनाच आठवत होती.

आणि मग ‘रेसिपी डे’, पाककृतीचा दिवस. कल्पना म्हणून बालिश वाटेल. गावातली माणसं एका झाडाखाली जमतात, तीन दगडांच्या चुली मांडतात आणि सोयाबीनचे, तुरीचे, भुईमुगाचे नाना प्रकार करून एकमेकांना खाऊ घालतात: पेज, सोयाबीनचं दूध, पीठ घातलेले तळलेले गोळे. यात पुरुषही रांधतात, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

हे डोळ्यांदेखत असणं महत्त्वाचं का, ते मलावीतल्या गप्पांवरून कळतं. नवरा चुलीपाशी बसलेला दिसला की शेजारी म्हणतात, हिने त्याला काहीतरी औषध चारलंय. आपल्याकडेही ‘काय खाऊ घातलंय गं त्याला’ हे वाक्य याच अर्थाने येतं, हा दोन गावांतला दुवा मला तुरीपेक्षा पक्का वाटतो. घरात एकट्याने पेज ढवळणारा पुरुष हा चेष्टेचा विषय. पंचवीस पुरुष एका झाडाखाली ढवळताहेत तर चेष्टा कोण कुणाची करणार? आणि एकदा ढवळलं की सोयाबीनची पेज बुडाला किती लागते, धुरात डोळ्यांचं काय होतं, एका पेजेला किती लाकूड जळतं, हे त्या हाताला कळतं. अहवालात याला ‘पुरुषांचा सहभाग’ म्हणतात.

परिणाम? तीन हजारांहून जास्त मुलांची वजन-उंची वेळोवेळी मोजली गेली. सगळीकडे सारखा चमत्कार झाला नाही. जी गावं सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत मनापासून यात होती, तिथल्या मुलांची वयाच्या मानाने वजनं सुधारलेली दिसली. प्रकल्प सात गावांवरून काही हजार कुटुंबांपर्यंत पसरला, पुढे स्वतंत्र संस्था झाला आणि २०१० नंतरच्या दशकात मध्य मलावीतल्या डेड्झा जिल्ह्यातही गेला. नंतरच्या एका पाहणीत एक आकडा-तक्त्यातून आलेली गोष्ट अशी: जी जोडपी शेतीबद्दल एकमेकांशी बोलतात त्यांच्या घरात अन्नाची शाश्वती आणि ताटातली विविधता स्पष्टपणे जास्त. आता यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे भांडण संख्याशास्त्रज्ञांनी करावं. पोट भरलेलं असलं की नवरा-बायको जास्त बोलतात असंही असू शकतं. देशाच्या पातळीवर पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २०१० मध्ये ४७ टक्के होतं, ते २०१५-१६ च्या पाहणीत ३७ टक्क्यांवर आलं. त्याचं श्रेय एका जिल्ह्यातल्या प्रकल्पाला देण्याचा वेडेपणा कुणी करू नये.

अडलंही बरंच. तूर उशिरा तयार होते, तोवर मक्याचं रान मोकळं झालेलं असतं आणि रिवाजाप्रमाणे शेळ्या मोकाट सुटतात. शेळीला हिरवी तूर दिसली की संपलं. हा एका शेतकऱ्याच्या हातातला प्रश्न नाही. गावप्रमुखाने शेळ्या बांधायला लावल्या तरच सुटतो. एचआयव्हीने त्या काळात घरंच्या घरं हात नसलेली करून टाकली होती. ज्या घरात आजी आणि तीन नातवंडंच उरली तिथे पाला कोण गाडणार? आणि जमिनीचा हक्क जिथे होता तिथेच राहिला. चर्चागटांनी पोत्यावरचं बोलणं बदललं, सातबारा बदलला नाही. म्हणजे तिथे सातबारा नसतो, पण तुम्हाला कळलं.

तेवढ्यात बाजाराने आपली वाट धरली होती. मध्य मलावीतल्या कासुंगू, म्चिंजी, लिलाँग्वे भागात तंबाखूचे दिवस फिरले तसं सोयाबीन तंबाखूच्या जागी बसू लागलं. तो भाग चेवा लोकांचा, तिथे वंश आईकडून चालतो, आणि मूळ रीतीप्रमाणे नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. कुणालाही वाटेल, इथे तरी सोयाबीनचा पैसा बाईच्या हाती असेल. पण नगद पीक, मोठं पोतं, व्यापाऱ्याशी बोलणं हे तिथेही बहुधा पुरुषांकडेच. जमीन आईकडून येते, पावती मात्र नवऱ्याच्या नावावर फाटते. वंशावळ पाहून स्त्री सबळ की दुबळी हे ठरवणाऱ्यांनी हा भाग जरूर पाहावा.

आणि मलावीच्या दुकानांत पाहा: छोट्या पाकिटांत ‘सोया पीसेस’, आपल्या सोयावड्या. मटण परवडत नाही त्या घरांचं ते लाडकं डेंडे, कांदा-टोमॅटोत परतलेलं. एप्रिलमध्ये सोयाबीन व्यापाऱ्याला दिलं, तेल गाळून उरलेल्या पिठाची वडी झाली, आणि फेब्रुवारीत, भुकेच्या महिन्यात, त्याच घरातली बाई गान्यूचे पैसे मोजून ते पाकीट घेते. यात फसवणूक कुणाचीच नाही. ती वडी दहा मिनिटांत शिजते आणि घरच्या सोयाबीनला अर्धा दिवस लागतो. सरपण आणि कंबर धरून हिशेब केला तर कदाचित तिचंच बरोबर. पोषणाच्या योजना आखणाऱ्यांनी या पाकिटाला नाक मुरडण्याआधी एकदा घरचं सोयाबीन निवडून, उकळून, चोळून पाहावं.

या सगळ्यात आपण कुठे आहोत तेही सांगून टाकतो, कारण आहोत. मलावीची तूर बऱ्याच अंशी आपल्या वरणासाठी पिकते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. त्याआधीच्या हंगामात आपल्याकडे तुरीचं अमाप पीक आलं होतं, महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या रांगा होत्या, आणि आमच्यासारख्यांना तो निर्णय उशिराच वाटला. मोझांबिक आणि मलावीत त्याच निर्णयाने तुरीचा भाव कोसळला. पुढे २०२१ मध्ये भारताने मलावीकडून पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. दिल्लीतला एक कागद म्झिम्ब्यातल्या घरात तूर ‘शिजवायची’ की ‘विकायची’ हे हलवू शकतो. त्याच २०२१ च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलं होतं. त्या भावाला घरात दाणा ठेवायला कुणी सांगितलं असतं तर आमच्या ओसरीवर त्याला चहाही मिळाला नसता.

गेल्या दिवाळीत मी एक्वेंडेनीच्या पद्धतीने घरच्या सोयाबीनचं पीठ करून पाहिलं. रात्रभर भिजवलं, उकळलं, सालं चोळून काढली. सालं काढता काढता दीड तास गेला आणि ती पूर्ण निघाली नाहीतच. मग सुकवून मंद आचेवर भाजलं, चार भाग मका, एक भाग सोयाबीन, दळून आणलं. वास आला नाही. आईने पेज चाखली, आणखी एक चमचा घेतला आणि विचारलं, “किती गॅस जाळलास?”